लेखांकन शिकायला घेतलेल्या मुलास

ठाणे (पश्चिम)

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

इतिहासाच्या पदवीसोबत या सत्रात तू वित्तीय लेखांकनाचा प्राथमिक अभ्यासक्रम खुला वैकल्पिक विषय म्हणून निवडलास, याचा मला मनापासून आनंद झाला. वाणिज्य शाखेबाहेरच्या मुलांनी हा विषय निदान एकदा तरी नीट शिकावा, असे वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्याचे हिशेब लिहिताना मला नेहमीच वाटत आले आहे. फोनवर तू जो प्रश्न विचारलास, त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझा प्रश्न असा होता की, पुस्तकात बँकेतील शिल्लक वाढली की बँक खाते नावे (डेबिट) करावे असे सांगितले आहे, आणि तुझ्या खात्यात आम्ही पैसे पाठवले की बँकेचा संदेश मात्र ती रक्कम ‘क्रेडिट’ झाली, म्हणजे जमा झाली, असे सांगतो. मग यांपैकी बरोबर कोणते? दोन्ही बरोबर आहेत, कारण वह्या दोन आहेत. तू बँकेत ठेवलेले पैसे ही तुझी मालमत्ता आहे, म्हणून तुझ्या वहीत बँक खाते नावे होते. बँकेच्या दृष्टीने तेच पैसे तिला तुला कधी ना कधी परत द्यायचे आहेत, म्हणजे ते तिचे देणे आहे. म्हणून तिच्या वहीत तुझे खाते जमा होते. बँक तुला जो उतारा पाठवते तो तिच्या वहीचा उतारा असतो, तुझ्या वहीचा नव्हे. नावे म्हणजे वजा आणि जमा म्हणजे अधिक अशी समजूत वर्गात पुष्कळांची असेल, आणि ती एकदा पक्की झाली की पुढची सगळी प्रकरणे पाठांतराची होऊन बसतात. कोणतीही नोंद करण्यापूर्वी आपण कोणाच्या वहीत लिहीत आहोत, हे स्वतःला विचारण्याची सवय लाव.

मालमत्ता ही भांडवल आणि देणी यांच्या बेरजेइतकी असते, हे समीकरण पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले असेल. ते पटकन समजते, त्यामुळे त्यावर मी थांबत नाही. नवशिक्या विद्यार्थ्याचा खरा कस लागतो तो नफा आणि रोकड या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ओळखण्यात. आमच्याच धंद्यासारखे एक उदाहरण घेऊ. समज, एका कारखान्याने मार्च महिन्यात ३,००,००० रुपयांचे पोलाद विकत घेतले, त्यावर १८ टक्के दराने ५४,००० रुपये जीएसटी भरला, म्हणजे पुरवठादाराला एकूण ३,५४,००० रुपये दिले. कामगारांच्या मजुरीपोटी ८०,००० रुपये गेले. त्या पोलादाचे यंत्रभाग तयार करून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ते एका मोठ्या कंपनीला ५,००,००० रुपयांना विकले आणि त्यावर ९०,००० रुपये जीएसटी आकारून ५,९०,००० रुपयांचे बिल पाठवले. पैसे मात्र जूनमध्ये मिळणार आहेत.

आता ३१ मार्चला नफा किती झाला? विक्री ५,००,०००, पोलाद ३,००,००० आणि मजुरी ८०,०००. म्हणजे १,२०,००० रुपये. जीएसटीची रक्कम यात कोठेच आली नाही, हे लक्षात घे. ग्राहकाकडून आकारलेला कर हे आपले उत्पन्न नसून सरकारचे आपल्याकडचे येणे आहे, आणि खरेदीवर भरलेला कर, त्याची वजावट मिळत असल्यामुळे, आपला खर्च नसून आपली मालमत्ता आहे. रोजकीर्दीत, म्हणजे व्यवहार घडतील तसे प्रथम लिहिण्याच्या वहीत, विक्रीची नोंद करताना ग्राहकाचे खाते ५,९०,००० रुपयांनी नावे होते, विक्री खाते ५,००,००० रुपयांनी जमा होते आणि उरलेले ९०,००० रुपये कराच्या देय खात्यात जमा होतात. वर्गात ही नोंद करताना विद्यार्थी सगळेच ५,९०,००० विक्रीत टाकतात, आणि तेथून नफा चुकत जातो.

आता बँकेकडे पाहा. ३,५४,००० आणि ८०,००० रुपये मार्चमध्येच गेले. महिन्याचे विवरणपत्र भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत कर भरावा लागतो, म्हणून ९०,००० मधून ५४,००० वजा जाता उरलेले ३६,००० रुपये २० एप्रिलपर्यंत गेले, मग ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. म्हणजे हातातून ४,७०,००० रुपये गेले आणि आला एकही रुपया नाही, तरीही नफातोटा पत्रक १,२०,००० रुपयांचा नफा दाखवते, आणि ते खोटे नाही. जूनमध्ये ५,९०,००० रुपये आले म्हणजे त्यातून ४,७०,००० वजा जाऊन बरोबर १,२०,०००च उरतात. नफा आणि रोकड शेवटी एका ठिकाणी येऊन मिळतात. प्रश्न असतो तो दरम्यानच्या महिन्यांचा. त्या महिन्यांत मजुरी कशातून द्यायची, या एका प्रश्नावर ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या आणि वागळे इस्टेटमधल्या कितीतरी छोट्या कारखान्यांचे जगणे अवलंबून असते. नफ्यात चालणारा धंदा रोकडीअभावी बंद पडू शकतो, हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते. ती ओळ अधोरेखित करून ठेव.

याच कारणासाठी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने लहान पुरवठादाराचे पैसे देण्याची मुदत करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे नेता येणार नाही असे ठरवले आहे, आणि अलीकडे प्राप्तिकर कायद्यातही अशी तरतूद आली की, त्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. तुझ्या परीक्षेत हे येणार नाही, तरीही मी ते मुद्दाम लिहिले, कारण उपार्जनाचे तत्त्व, म्हणजे पैसे येण्या-जाण्याची वाट न पाहता व्यवहार घडला तेव्हाच तो नोंदवणे, हा केवळ पुस्तकी नियम नसून त्यावर कायदे होतात आणि त्यात माणसांची पोटे गुंतलेली असतात, हे तुला ठाऊक असावे.

घसाऱ्याचे, म्हणजे यंत्रासारख्या मालमत्तेची किंमत तिच्या वापराच्या वर्षांवर खर्च म्हणून वाटण्याचे, प्रकरण आले की तुला वाटेल, ही निव्वळ भागाकाराची कसरत आहे. तसे ते नाही. दहा लाख रुपयांचे एक यंत्र घे. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे सर्वसाधारण यंत्रसामग्रीचे आयुष्य १५ वर्षे धरले आणि अखेरचे मूल्य पाच टक्के मानले, तर स्थिर हप्त्याने दरवर्षी सुमारे ६३,३३३ रुपये घसारा येतो. तेच यंत्र वर्षभर वापरले असेल तर प्राप्तिकरासाठी घटत्या मूल्यावर १५ टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी १,५०,००० आणि दुसऱ्या वर्षी १,२७,५०० रुपये घसारा मिळतो. यंत्र एकच, मालक एकच, वर्षही एकच, आणि आकडे दोन. यांतला कोणता खरा, असे विचारशील तर उत्तर असे की, यंत्राची झीज कोणी मोजलेली नाही. त्याची किंमत किती वर्षांवर कशी वाटायची याचे दोन वेगवेगळ्या कामांसाठी ठरवलेले दोन नियम आहेत. यंत्राची किंमत देऊन झाली त्या दिवशीच पैसे गेले. घसाऱ्याच्या नोंदीने बँकेतून काहीच जात नाही. बुडीत येण्यांची तरतूद, वर्षअखेरच्या साठ्याचे मूल्य, हमी कालावधीतल्या दुरुस्तीचा अंदाज, या सगळ्यांत असाच कोणाचा तरी निर्णय दडलेला असतो. म्हणून ताळेबंद हाती आला की आकड्यांआधी त्यासोबतच्या टिपा वाचाव्यात, कारण कोणत्या आधारावर काय मोजले हे तेथे लिहावेच लागते. हा विषय गणिताचा असेल असे समजून तू थोडा धास्तावला होतास, पण बेरीज-वजाबाकी हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे आणि निर्णय पारखणे हा अवघड.

साठ्यावरून आठवले. तुझ्या ग्रंथालयातले पुस्तक अमेरिकी असेल तर त्यात शेवटी आलेला माल आधी गेला असे धरणारी पद्धत विस्ताराने दिलेली असेल. आपल्याकडच्या लेखा मानकांना ती मान्य नाही. येथे पहिला आलेला माल पहिला गेला असे धरतात किंवा भारित सरासरी काढतात, आणि साठा नेहमी खर्च आणि निव्वळ वसूल होणारे मूल्य (विक्रीचा खर्च वजा जाता हाती येईल ती किंमत) यांपैकी जे कमी असेल त्या किमतीला दाखवतात. प्राध्यापकांना विचारून परीक्षेत कोणत्या पद्धती अपेक्षित आहेत ते आधीच समजून घे.

आता तेरजेविषयी, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिलकांच्या यादीविषयी. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की विद्यार्थ्याला जो आनंद होतो तो मी जाणते, आणि तो घ्यावाही. जुळली नाही तर आधी फरकाकडे पाहा. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर एखाद्या रकमेतले आकडे उलटसुलट झाले असण्याचा संभव असतो, जसे ५,४०० ऐवजी ४,५०० लिहिले तर फरक ९०० येतो. फरकाच्या निम्मी रक्कम कोठे सापडली तर ती बहुधा चुकीच्या बाजूला गेलेली असते. परंतु तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे, असे मात्र कधीही मानू नकोस. यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च यंत्र खात्यात टाकला तरी तेरीज जुळते, आणि त्या वर्षीचा नफा जवळजवळ तेवढ्या रकमेने फुगतो. एखादे बिल नोंदवलेच नाही तरी ती जुळते. आता तर टॅलीसारख्या संगणक प्रणालीत दोन्ही बाजू समान झाल्याशिवाय नोंद पुढे सरकतच नाही, त्यामुळे जुळण्याचे प्रमाणपत्र म्हणून जे मोल होते तेही उरलेले नाही. लबाडीची नोंदसुद्धा दोन्ही बाजूंनी समानच लिहिली जाते.

सत्यम कॉम्प्युटर्सचे प्रकरण घडले तेव्हा तू फार लहान होतास. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीच्या अध्यक्षांनी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात कबूल केले की, ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. त्या ताळेबंदाच्या बेरजा जुळत होत्या आणि त्यावर लेखापरीक्षकांच्या सह्याही होत्या. वहीतली बँक शिलकीची ओळ खरी आहे की नाही, हे वहीत पाहून कळत नाही. त्यासाठी वहीबाहेर, बँकेकडे, थेट आणि स्वतंत्रपणे विचारावे लागते. अभ्यासक्रमात बँक जुळवणी पत्रकाचे जे प्रकरण आहे, ते मुलांना फार नीरस वाटते. पण आपल्या वहीची साक्ष दुसऱ्याच्या वहीने घेणे, हीच त्यातली कल्पना आहे, आणि मला विचारशील तर सगळ्या अभ्यासक्रमात तिच्याइतके मोलाचे काही नाही. इतिहासाच्या तासाला तुम्ही एका साधनाची दुसऱ्या स्वतंत्र साधनाशी पडताळणी करता, तेच हे काम आहे, त्यामुळे ते तुला वाणिज्य शाखेच्या मुलांपेक्षाही लवकर कळेल असा माझा विश्वास आहे.

द्विनोंदी पद्धतीचे पहिले छापील विवेचन करणारा लुका पाचोली हा स्वतः व्यापारी नव्हता. तो फ्रान्सिस्कन पंथाचा साधू आणि गणिताचा अध्यापक होता, आणि १४९४ मध्ये व्हेनिस येथे त्याने छापले ते तिथल्या व्यापाऱ्यांमध्ये आधीपासून रुळलेल्या रीतीचे वर्णन होते. तू ज्या शहरात शिकतो आहेस, तेथेच पेशवे दप्तरात मोडी लिपीतल्या रोजकीर्दी आहेत. पुढे कधी त्या वाचण्याचा योग आला, तर कोणती रक्कम कोणाच्या नावे पडली, ती प्रत्यक्ष दिली की नुसती लिहिली, आणि ती लिहिणाऱ्याला तसे लिहिण्यात काय सोयीचे होते, हे विचारणारा वाचक म्हणून तू तेथे जाशील.

अभ्यासाबद्दल थोडेच सांगते. उदाहरणे कागदावर हाताने सोडव. सोडवलेले उत्तर वाचून समजले असे वाटणे आणि कोऱ्या कागदावर ते सोडवता येणे यांत फार अंतर आहे. प्रत्येक रोजकीर्द नोंदीखाली स्पष्टीकरणाची ओळ लिहायला सांगतात, ती गुणांसाठी असते असे समजून गाळू नकोस, कारण सहा महिन्यांनी त्या नोंदीचे कारण त्या ओळीवाचून कोणालाच सांगता येत नाही. खतावणी करताना, म्हणजे रोजकीर्दीतल्या नोंदी त्या त्या खात्यात उतरवताना, खात्याचे इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखे चित्र काढावे, त्याने बाजू चुकत नाहीत. आणि सत्र संपण्याआधी कोणत्याही एका सूचिबद्ध कंपनीचा वार्षिक अहवाल संकेतस्थळावरून उतरवून घे. त्यातला करोत्तर नफा आणि रोकड प्रवाह पत्रकातली व्यवसायातून आलेली रोकड, हे दोन आकडे पाच वर्षांसाठी शेजारी शेजारी लिही. नफा वर्षानुवर्षे वाढत असेल आणि रोकड त्याच्या मागे येत नसेल, तर येणी आणि साठा या दोन ओळींकडे वळ आणि काय आढळले ते मला कळव.

वर दिलेल्या पोलादाच्या उदाहरणाच्या सर्व नोंदी, मार्चपासून जूनपर्यंत, करून त्याचे छायाचित्र पाठव. त्यात मी एक गोष्ट मुद्दाम सोडली आहे: ३१ मार्चला ३६,००० रुपये कर भरायचा राहिलेला असतो, तो ताळेबंदात कोणत्या बाजूला आणि कोणत्या शीर्षाखाली येईल, ते तू लिही. रविवारी आपण फोनवर तपासू.

तुझी,
आई