पॅकेज 'बोल्ट-ऑन' होतं, मग टायर का घासतोय?

प्रति,
कस्टमर केअर विभाग

नमस्कार,
तुमच्या पुण्याच्या शोरूममधून माझ्या हायलक्स पिकअपला पुढून दोन इंची लिफ्ट (गाडी उंच करणारा स्पेसर), झीरो ऑफसेटची, म्हणजे चाक बाहेरच्या बाजूला येणारी अलॉय चाकं आणि २८५/७० आर १७ टायर असं सगळं पॅकेज बसवून घेतलं. पैसे भरायच्या आधी विचारलं होतं की घासणार नाही ना, तर तुमचा सेल्सवाला म्हणे "सर बोल्ट-ऑन आहे, डोळे झाकून टाका", म्हणजे काही कापाकापी न करता सरळ बसणारं. आता फुल टर्न मारला की टायर मडफ्लॅपला आणि आतल्या प्लास्टिकच्या लायनरला घासतो, रिव्हर्स घेताना तर असा खर्रर्र आवाज येतो की शेजारचे बाहेर येऊन बघतात. लायनरला भोक पडलंय, फोटो जोडलाय.

आमच्या जुन्नरच्या टायरवाल्याने खडूने फरशीवर काढून दाखवलं. आधीचा टायर २६५/६५ आर १७, म्हणजे उंची साधारण ७७६ मिमी, हा ८३१ चा, वर ऑफसेट कमी केल्याने चाक आणखी बाहेर आलं आणि जितकं बाहेर तितका वळताना घेर मोठा. लिफ्टने गाडी उचलली पण चाकाला मागेपुढे जागा कुठे वाढली? हे त्याला कळतं आणि तुमच्या 'एक्स्पर्ट फिटमेंट'वाल्यांना कळत नाही, कमाल आहे!

दुसरं, मागे खताच्या गोण्या आणि ड्रिपचे बंडल असतात हे मी आधीच सांगितलं होतं, तरी लिफ्ट फक्त पुढेच केलीत. लोड टाकला की मागचं बसतं, नाक वर, रात्री माळशेजला समोरचे सारखे डिपर मारतात. अलाइनमेंटचे पैसे बिलात लावलेत पण प्रिंटआउट नाही, गाडी डावीकडे ओढते, एक्सलच्या बूटातून (रबरी कव्हरातून) ग्रीस गळतंय. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ला असते हेही कोणी सांगितलं नाही, आणि आरटीओचं विचारलं तर "कोणी बघत नाही सर", मग गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काय शोभेला आहे का?

अलॉय परत घेऊन मूळ ऑफसेटच्या द्या, टायर २६५/७० आर १७ द्या, पुढचा स्पेसर काढा, बूट बदला, अलाइनमेंट प्रिंटआउटसकट करा, फरकाची रक्कम परत. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगात जाणार. आणि "मॅनेजर कॉलबॅक करतील" हे उत्तर आता नको, ते बरंच ऐकून झालंय. बिल आणि फोटो सोबत आहेत, गाडीचा नंबर बिलावरच आहे.

आपला,
बिलावर नाव असलेला ग्राहक