फुटबॉलमध्ये राजकारण कुणी आणलं?

चँडलर, अ‍ॅरिझोना

चि. अथर्व यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू आणि काका इतके हमरीतुमरीवर आलात की बाबांनी शेवटी विषयच बदलला. काकांचं म्हणणं, अमेरिकन फुटबॉलच्या मॅचआधी राष्ट्रगीताला जो उभा राहत नाही त्याला संघात ठेवूच नये. तुझं म्हणणं, राजकारणाने खेळाची पार वाट लावली आहे. दोन्ही बाजूंनी गप्प बसावं आणि लोकांना मॅच बघू द्यावी. काकांचं मत मला पटत नाही हे तुला ठाऊक आहे. पण तुझंही पटलेलं नाही, आणि ते सविस्तर सांगावं म्हणून लिहायला बसले.

दर एप्रिलमध्ये टेंपीला पॅट्स रन असते. शाळेत असताना तूही धावला आहेस. ४.२ मैल, आणि शेवट सन डेव्हिल्सच्या, म्हणजे अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संघाच्या, मैदानात ४२ यार्डांच्या रेषेवर, कारण कॉलेजात पॅट टिलमनचा नंबर ४२ होता. ग्लेनडेलच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. तुझ्या पिढीला तो एवढाच माहीत आहे: फुटबॉल सोडून सैन्यात गेला आणि देशासाठी मेला. तो कसा मेला आणि नंतर काय झालं, हे स्टेडियममधल्या कौतुकाच्या भाषणांत फारसं येत नाही.

१९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याचा क्रमांक २२६ होता, म्हणजे अगदी तळाला. दोन वर्षांत तो अ‍ॅरिझोनाच्या कार्डिनल्स संघाचा बिनीचा सेफ्टी, म्हणजे बचाव फळीतला खेळाडू, झाला. २००० च्या मोसमात त्याने टॅकल्सचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अडवून पाडण्याचा, संघाचा विक्रम केला. सेंट लुईस रॅम्सने पाच वर्षांचे ९० लाख डॉलर देऊ केले, ते त्याने नाकारले, कारण ज्यांनी आपल्याला संधी दिली त्यांना सोडायचं नाही. मग ११ सप्टेंबर झालं. पुढच्या वर्षी कार्डिनल्सचा ३६ लाखांचा तीन वर्षांचा करारही बाजूला ठेवून तो आणि भाऊ केविन सैन्यात भरती झाले, रेंजर्स या खास तुकडीत. त्याने यावर एकही मुलाखत दिली नाही. २००३ साली त्याला अफगाणिस्तानाऐवजी इराकला पाठवलं. ते युद्ध त्याला पटलेलं नव्हतं, सोबतच्या सैनिकांशी तो तसं उघड बोलायचा, आणि तरीही दिलेला शब्द म्हणून नोकरी पुरी करत होता.

२२ एप्रिल २००४, अफगाणिस्तानातला खोस्त प्रांत. त्यांच्या प्लॅटूनची एक हमवी, म्हणजे लष्करी गाडी, बंद पडली. ती ओढून न्यायची आणि संध्याकाळपर्यंत ठरलेल्या गावात पोचायचंच, असा वरून आग्रह होता. त्यासाठी प्लॅटूनचे दोन भाग करावे लागले. प्लॅटूनच्या अधिकाऱ्याने विरोध केला, तो ऐकला गेला नाही. अरुंद घळीतून मागच्या तुकडीवर हल्ला झाला, तेव्हा पुढे गेलेला टिलमन मदतीला परत फिरला आणि डोंगराच्या उतारावर चढला. खालून आलेल्या गाडीतल्या आपल्याच सैनिकांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्याने हात हलवले, ओरडून सांगितलं, धुराचा ग्रेनेड फेकला. तरी गोळीबार थांबला नाही. त्याच्यासोबतचा एक अफगाण सैनिकही मारला गेला. केविन त्याच मागच्या तुकडीत होता, थोडा आणखी मागे. त्याने काही पाहिलं नाही.

गोळीबार आपल्याच लोकांचा होता हे तिथल्या माणसांना लगेच कळलं होतं. टिलमनचे कपडे आणि चिलखत जाळून टाकलं गेलं. त्याच्या शेजारी असलेल्या सैनिकाने पुढे २००७ साली काँग्रेससमोर, म्हणजे इथल्या संसदेसमोर, शपथेवर सांगितलं, की केविनला काही कळू द्यायचं नाही असा त्याला हुकूम होता. शत्रूशी लढताना मृत्यू, असं मानून सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक जाहीर झालं. २९ एप्रिलला जनरल मॅकक्रिस्टल यांनी वरिष्ठांना संदेश पाठवला, की हा आपल्याच माणसांचा गोळीबार असण्याची दाट शक्यता आहे, तेव्हा देशाच्या नेत्यांनी भाषणात असं काही बोलू नये ज्याने पुढे नामुष्की येईल. म्हणजे नेत्यांना सावध करायला फक्त एक आठवडा लागला. ३ मे रोजी सॅन होजेला टीव्हीवर थेट दाखवलेली शोकसभा झाली, सील या नौदलाच्या कमांडो दलातल्या एका जवानाने व्यासपीठावरून शौर्याची कहाणी वाचून दाखवली, आई-वडील समोर बसून ऐकत होते. त्यांना खरं सांगितलं गेलं ते मे महिन्याच्या अखेरीस.

तो एप्रिल आठवून बघ, म्हणजे वाचून बघ. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. इराकमध्ये फालुजात लढाई पेटली होती, अबू घ्रैबच्या तुरुंगातले फोटो टीव्हीवर आले होते. सरकारला एका हीरोची नितांत गरज होती आणि हा तर घराघरात ओळखीचा चेहरा. माझं स्पष्ट मत आहे की तो नामवंत फुटबॉलपटू नसता तर हे खोटं इतक्या वर गेलं नसतं. आता सांग, फुटबॉलमध्ये राजकारण कुणी आणलं?

त्याची आई, मेरी टिलमन. शिक्षिका. सैन्याने चौकशीची हजारो पानं पाठवली, त्यातली नावं काळ्या शाईने खोडलेली. त्या बाईंनी ती पानं एकमेकांशी ताडून कोण कुठे होतं हे जुळवत आणलं. चौकशीमागून चौकशी झाली. एका निवृत्त जनरलवर ठपका आला. ऑगस्ट २००७ मध्ये माजी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड आणि बडे जनरल काँग्रेससमोर बसले आणि आपल्याला हे नेमकं कधी कळलं ते आठवत नाही, असं एकामागून एक सांगत गेले. फौजदारी खटला कुणावरही झाला नाही. मी आई आहे, अथर्व. त्या खोडलेल्या ओळींसमोर बसलेल्या बाईचा विचार केला की माझा संताप आजही कमी होत नाही.

काकांच्या मुद्द्याकडे येते. त्यांना वाटतं मैदानावरचा झेंडा, डोक्यावरून जाणारी लढाऊ विमानं, पडद्यावर दिसणारा जवान, हे सगळं उत्स्फूर्त देशप्रेम आहे. जवानासाठी वाजणाऱ्या टाळ्या खऱ्याच असतात, मीही मनापासून वाजवते. पण नोव्हेंबर २०१५ मध्ये आपल्याच अ‍ॅरिझोनाच्या दोन सिनेटरांनी, मकेन आणि फ्लेक, दोघंही रिपब्लिकन, एक अहवाल काढला. संरक्षण खात्याने २०१२ पासून अशा कार्यक्रमांसाठी व्यावसायिक संघांना ६८ लाख डॉलर दिले होते. न्यू जर्सीच्या नॅशनल गार्डने जेट्स संघाला पैसे मोजले होते, मोठ्या पडद्यावर स्थानिक जवानांचा सत्कार व्हावा म्हणून. पुढच्या वर्षी एनएफएलने, म्हणजे या व्यावसायिक संघांच्या लीगने, ७ लाखांहून अधिक डॉलर परत केले. पाच वर्षं व्हिएतनामच्या कैदेत काढलेल्या मकेनना हा प्रकार अपमानास्पद वाटला. काकांना मकेनबद्दल आदर आहे, त्यांना हे जरूर सांग.

आणि हे काही नवीन नाही. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू होऊन दहा दिवस झाले होते, तेव्हा टँपाला सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, झाला. प्रेक्षकांच्या हातात छोटे झेंडे दिलेले, व्हिटनी ह्यूस्टनचं राष्ट्रगीत, मध्यंतरात टीव्हीवर युद्धाच्या बातम्या. मॅच मात्र अप्रतिम झाली, शेवटच्या क्षणी बफेलोची ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली आणि जायंट्स २०-१९ ने जिंकले. खेळावर माझं प्रेम आहे म्हणूनच मला या गोष्टी टोचतात. युद्ध चालू असताना स्टेडियम एका बाजूला झुकलेलंच असतं. ते झुकणं सवयीचं झालं की दिसेनासं होतं, आणि मग एखादा गुडघा टेकला की तेवढंच राजकारण वाटतं.

कॅपर्निक या सॅन फ्रान्सिस्कोच्या खेळाडूचंही तसंच. २०१६ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रगीताच्या वेळी तो आधी बसून राहिला होता. गुडघा टेकण्याची कल्पना निघाली ती नेट बॉयर या माजी ग्रीन बेरे (सैन्याच्या विशेष दलातल्या) सैनिकाशी झालेल्या बोलण्यातून, बसण्यापेक्षा त्यात शहीद साथीदाराबद्दलचा आदर राहतो म्हणून. पोलिसांच्या हातून मरणाऱ्या काळ्या माणसांबद्दल तो बोलत होता. त्या मोसमानंतर त्याला एकाही संघाने घेतलं नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रम्प यांनी अलाबामातल्या निवडणूक सभेत, अशा खेळाडूंना मालकांनी हाकलून द्यावं असं शिवी देऊन सांगितलं. त्यानंतर दोन-तीन दिवसांत त्यांनी टिलमनचा फोटो असलेली पोस्ट पुढे पाठवली, गुडघा टेकणाऱ्यांना लाज वाटावी म्हणून. त्यावर टिलमनची पत्नी मेरी (सासूचं आणि तिचं नाव बोलताना एकच वाटतं) हिने निवेदन काढलं, की त्याच्या सेवेचा वापर लोकांत फूट पाडायला करू नका. मनातलं बोलायचं स्वातंत्र्य, मग मत कोणतंही असो, त्यासाठीच त्याने आणि इतरांनी प्राण दिले.

तू हायस्कूलमध्ये टॅकल फुटबॉल खेळायचं म्हणालास तेव्हा मी ठाम नकार दिला, याचा राग तुझ्या मनात अजून आहे. डोक्याला बसणाऱ्या मारामुळे मेंदू झिजतो हे लीगने वर्षानुवर्षं मान्य केलं नाही; हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले तेव्हा २०१३ साली ७६.५ कोटी डॉलरची तडजोड पुढे आली. तरुण शरीरांवर ज्यांचा कारभार चालतो त्यांच्याकडून सत्य ओढून काढावं लागतं, हे मी दोन्हीकडे पाहिलं.

माझं माहेर साताऱ्याचं. आपशिंग्यासारख्या गावात, जिथे घरटी माणूस फौजेत, तिथे जवानाचा मान कसा ठेवतात ते मी लहानपणापासून बघितलं आहे. माझा मामा मराठा लाईट इन्फन्ट्रीत होता. तो सुट्टीवर आला की अंगणात बसलेली म्हातारी माणसं त्याला पहिलं विचारायची ती त्याच्या साहेबाबद्दल: माणूस कसा आहे, जवानांना सांभाळतो का. हुकूम देणारा कसा आहे, ही चौकशी त्यांच्या लेखी जवानाच्या मानाचाच भाग होती. काका त्याच मातीतले आहेत, त्यांना हा मुद्दा कळेल.

इथे हा प्रश्न काँग्रेसला विचारायचा असतो. घटनेने युद्ध जाहीर करण्याचा अधिकार तिला दिला आहे आणि तिने तो शेवटचा १९४२ साली वापरला. व्हिएतनामने पोळल्यावर १९७३ चा कायदा आला, राष्ट्राध्यक्षाने ४८ तासांत कळवावं, परवानगीशिवाय ६० दिवसांवर फौज गुंतवू नये. त्यालाही दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांनी वाटा काढल्या. १४ सप्टेंबर २००१ ला काँग्रेसच्या हाऊस या सभागृहात लष्करी कारवाईच्या परवानगीच्या ठरावावर मतं पडली ४२० विरुद्ध १. ते एक मत बार्बरा ली यांचं. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्या एका ठरावाच्या आधारावर पुढे अनेक देशांत कारवाया झाल्या. इराकच्या वेळी, ऑक्टोबर २००२ मध्ये, २९६ विरुद्ध १३३. डेमोक्रॅट सिनेटरांपैकीही निम्म्याहून जास्त जणांनी होकार दिला. ज्या महासंहारक शस्त्रांचं कारण दिलं होतं ती सापडली नाहीत. साडेचार हजारांच्या आसपास अमेरिकन सैनिक आणि लाखाच्या वर इराकी माणसं गेली. त्या मतांची जबाबदारी एकाच पक्षावर टाकू देऊ नकोस, काकांनाही आणि तुझ्या कॉलेजातल्या मित्रांनाही.

तू अठरा पूर्ण केलेस. सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या, म्हणजे गरज पडल्यास सैन्यात बोलावता येईल अशा तरुणांच्या, यादीत तुझं नाव आहे. सक्तीची भरती १९७३ पासून बंद आहे, पण यादी आहे. त्याच वयात मतही आलं आहे. म्हणून म्हणते, "आम्हाला मॅच बघू द्या" हे उत्तर तुझ्या तोंडी शोभत नाही. मॅच जरूर बघ. पण तुझ्या मतदारसंघातल्या माणसाने युद्धाच्या ठरावांवर काय मत दिलं ते शोधून काढ, त्याच्या कार्यालयात फोन कर, आणि उद्या तुला स्वतःला सैन्यात जावंसं वाटलं तरी मी आडवी येणार नाही. फक्त कोण पाठवतंय आणि कशासाठी, हे विचारून जा.

थँक्सगिव्हिंगला काका-काकू आपल्याकडेच आहेत. डेट्रॉइटची मॅच सकाळीच असते, तेव्हा आदल्या रात्रीचं विमान घे. मकेन-फ्लेक यांचा अहवाल छापून टेबलावर ठेवणार आहे. जेवणं झाली की तू आणि काका समोरासमोर बसा, या वेळी मीही बसणार आहे.

तुझी,
आई