ताईच्या थोरल्याचा फोन

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर गेलं नाही. कारणं सांगत बसत नाही, तुला ती पाठ आहेत. तब्येत ठीक, गुडघा जैसे थे.

आज लिहायला बसलो कारण ताईने थोरल्याचा फोन काढून घेऊन कपाटात टाकला आणि किल्ली गळ्यात अडकवली. आज चौथा दिवस, पोरगा घरात कुणाशी अक्षर बोलत नाही. ताई विचारते, मी बरोबर केलं का? मी काही बोललो की त्याला ती आईचीच बाजू वाटते. तुझं मात्र तो ऐकतो. रविवारी तू जाणार आहेस असं ताई म्हणाली, म्हणून जाण्याआधी हे नीट वाच.

पहिली गोष्ट, 'किती तास?' या प्रश्नात अडकू नकोस. ताई तिथूनच सुरुवात करेल. 2019 साली ॲमी ऑर्बेन ही संशोधक आणि तिच्या सहकाऱ्याने साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या सुखदुःखात जो फरक दिसतो, त्यातला फार तर 0.4 टक्के फरक उपकरणांच्या वापराशी जोडता येतो, असं निघालं. म्हणून काळजी सोडून द्यायची असं नाही. सरासरी काढली की रात्री दोनपर्यंत रील बघणारा मुलगा आणि तेवढाच वेळ प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी एकाच टोपलीत जातात. तास मोजून त्या दोघांतला फरक कळत नाही. मी दोनच गोष्टी बघतो. समोर पुढे काय येणार हे कोण ठरवतं, मूल की यंत्र? आणि या वेळेआधी तिथे काय होतं, झोप, खेळ की नुसता कंटाळा? कंटाळ्याची जागा घेतली असेल तर मला फारशी चिंता नाही. झोपेची घेतली असेल तर आहे, आणि थोरल्याच्या बाबतीत तेच झालंय.

किल्ली मिळाली की फोन त्याच्याच हातात दे आणि त्याच्या शेजारी बस. समोर बसलास की ती उलटतपासणी होते. सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडायला सांग (आयफोन असेल तर 'स्क्रीन टाइम'). एका दिवसाचं बघू नकोस, आठवडा बघ, कारण सुटीचा दिवस आकडा फुगवतो. दिवसभरात फोन किती वेळा उघडला आणि किती नोटिफिकेशन आल्या, हे दोन आकडे एकूण तासांपेक्षा जास्त बोलतात. शंभर-दीडशे वेळा उघडला असेल, तर एका जागी बसून दहा मिनिटं वाचणं त्याला का जमत नाही हे वेगळं सांगावं लागणार नाही. शिवाय रात्री शेवटचा वापर कितीला, तेही त्याच्याचकडून वदवून घे.

आता झोप. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप हवी. सहाला उठायचं तर दहाला डोळा लागलेला हवा, म्हणजे साडेनऊला फोन हातातून सुटला पाहिजे. ताई म्हणेल, मी पिवळा प्रकाश लावून दिलाय. त्यामागचं कारण खरं आहे. डोळ्याच्या पडद्यावरच्या काही पेशी सुमारे 480 नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात आणि मेंदूला 'अजून दिवस आहे' असं कळवतात. पण पिवळ्या पडद्यावरही पुढची रील तीच असते, मित्राचा खोचक मेसेजही तोच असतो. मुलगा जागा राहतो तो मुख्यतः त्यामुळे. उपाय एकच टिकतो, चार्जर झोपायच्या खोलीबाहेर. तोही सगळ्यांचा, ताईचा आणि भावोजींचासुद्धा, एकाच फळीवर. फक्त मुलाचा बाहेर आणि आईचा उशाशी, असं ठेवलं तर आठवडाभरही चालत नाही. 'मग गजर कसा लावू?' हा त्याचा पहिला प्रश्न असेल. साधं किल्लीचं घड्याळ मी पाठवतोय, रविवारच्या आत पोचेल.

बाकी घरातल्या सगळ्या युक्त्या फसतात त्या कुलपावर भरवसा ठेवल्यामुळे. अँड्रॉइडमध्ये ॲपला लावलेला टायमर मूल स्वतःच काढू शकतं, कारण सेटिंग त्याच्याच फोनमध्ये असतं. आयफोनमध्ये 'ब्लॉक ॲट एंड ऑफ लिमिट' चालू केलं नाही, तर मर्यादा संपल्यावर एका बोटाने आजच्या दिवसापुरती ती बाजूला सारता येते. ॲप बंद केलं तर तीच साइट ब्राउझरमध्ये उघडते. फोनचं घड्याळ मागे-पुढे करून बघणारी मुलंही आहेत, म्हणून तारीख आणि वेळ 'आपोआप'वर ठेवायला सांग. पालकांचा पासकोड म्हणजे घरातल्या कुणाची जन्मतारीख असेल, तर तो पासकोड नव्हेच. हे सगळं ताईने करावं, पण 14 वर्षांच्या मुलाला अडवायला हे पुरेल असं तिला सांगू नकोस. सहा वर्षांच्या धाकटीला पुरेल. थोरल्याशी बोलूनच ठरवावं लागेल आणि ठरलेलं कागदावर लिहावं लागेल.

यंत्राकडून निवड काढून घेणं मात्र जमतं, आणि ते त्याला पटेलही, कारण त्यात त्याचा अपमान नाही. खाली सरकवत राहा आणि पान संपतच नाही, ही सोय एझा रॅस्किन याने 2006 साली घडवली आणि पुढे तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप केला. आधी पान संपायचं, 'पुढे' दाबावं लागायचं. त्या दाबण्यात एक क्षण मिळायचा, आता बास म्हणायला. तो क्षणच गेला. वरून खाली बोट ओढून सोडलं की काय येईल ते ठाऊक नसतं, कधी काहीच नाही, कधी नवं काही. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या कबुतरांचं तू वर्गात सांगायचास ना? दाणा दर वेळी मिळाला की कबूतर पोटापुरतं टोचतं आणि थांबतं, अधूनमधून अवचित मिळाला की टोचतच राहतं. तेच थोरल्याला सांग, त्याच्याच फोनवर बोट ओढून दाखवत. इच्छाशक्ती कमी पडते म्हणून तो स्वतःवर चिडलेला असणार. त्याच्या बोटासमोर काय उभं केलंय, हे त्याला एकदा कळू दे.

मग तीन कामं त्याच्या हातून करवून घे. एक, नोटिफिकेशन. नियम सोपा ठेव: माणसाने मुद्दाम त्याला पाठवलेलं राहू दे, यंत्राने पाठवलेलं बंद. आईचा फोन, मित्राचा मेसेज राहील. 'अमक्याने फोटो टाकला', 'तुझी साखळी तुटणार' असले निरोप जातील. मोठे ग्रुप म्यूट. दोन, यूट्यूबवर ऑटोप्ले बंद, आणि वॉच हिस्टरी (काय काय पाहिलं त्याची नोंद) पुसून तीही बंद. त्यानंतर पहिल्या पानावर सुचवलेले व्हिडिओ येत नाहीत, पान जवळजवळ कोरं दिसतं. काय बघायचं ते शोधून टाइप करावं लागतं, आणि मला हवं आहे ते नेमकं एवढंच. इथे एक चूक हमखास होते, हिस्टरी एका खात्यात बंद होते आणि फोन दुसऱ्याच खात्यावर चालू असतो. फोनमध्ये किती खाती आहेत ते आधी बघ. तीन, पहिल्या पडद्यावर फक्त कामाची ॲप, बाकीची आत. क्षुल्लक वाटतं, पण आपसूक बोट जाण्याला त्याने खरंच आळा बसतो.

हे वाचून तू मनात म्हणत असशील, 'बघ, मी तेव्हाच सांगितलं होतं.' वाचनालयातल्या संगणकावरून आपण तीन आठवडे अबोला धरला होता. तुझं म्हणणं, पुस्तकाच्या कपाटाला जागा नाही नि हे डबडं कशाला. त्याच डबड्यावर तू पुढे पाच वर्षं सगळ्या वर्गांचे निकाल टाइप केलेस, तेव्हा हा सामना बरोबरीत सुटला असं मी धरतो. पण मूळ मुद्द्यावर मी अजून ठाम आहे. मास्तरांची नात आठव. एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम 2006 साली ज्या तरुणाने लिहायला घेतला, तो मायकल करन स्वतः अंध, त्याला येऊन मिळालेला जेम्स टेह हाही अंध. हा प्रोग्रॅम आजही फुकट मिळतो. त्याच्यामुळे ती पोरगी आज कुणाची वाट न बघता परीक्षेची पुस्तकं वाचते. लुई ब्रेलने ठिपक्यांची लिपी जुळवली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, हेही तूच आम्हाला सांगितलंस. तरुण पोरांच्या हातात साधन आलं की असं होतं.

थोरल्याच्याच फोनमध्ये बघ. त्याने स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून प्रोग्रॅम लिहायचं मुलांचं साधन) केलेला खेळ आहे, चेंडू भिंतीवर आपटून परत येतो तो. तो उघडायला सांग आणि कसा केला ते विचार. चेंडू भिंतीत अडकून बसायचा, ते त्याने कसं सोडवलं ते तो पंधरा मिनिटं सांगेल, आणि चार दिवसांचा अबोला तिथेच सुटेल असं मला वाटतं. फोन कपाटात गेला तेव्हा रीलबरोबर तो खेळही कपाटात गेला. ताईला हे कळलेलं नाही, आणि त्याला नेमकं तेच लागलंय.

गृहपाठाचं काय ते तूच ठरव, तू शिक्षक आहेस. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं तेव्हापासून निबंध कोण लिहितं हे कुणालाच सांगता येत नाही. गाईडविरुद्धचं तुझं भाषण थोडं बदलून चालेल. माझं मत, पहिला मसुदा त्याचाच, वेडावाकडा असला तरी. नंतर यंत्राला विचारावं, यात काय चुकलंय, कोणता मुद्दा राहिला? किंवा धडा वाचून झाल्यावर, मला दहा प्रश्न विचार. उलट्या क्रमाने केलं की डोकं वापरलंच जात नाही. आणि ते चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठाम सुरात देतं, म्हणून सन आणि आकडे पुस्तकात पडताळायचे.

एक गोष्ट त्याच्याशी एकट्याने बोल, ताईसमोर नको. या वयाच्या मुलांना कुणी अनोळखी 'मुलगी' होऊन गोड बोलतं, फोटो मागतं, आणि फोटो गेला की तासाभरात पैशाची धमकी येते. मुलं घाबरून पैसे देतात, मग मागणी वाढते. त्याच्यावर असं काही आलंय असं मला वाटत नाही, पण त्याला आधीच ठाऊक हवं: पैसे द्यायचे नाहीत, संभाषण पुसायचं नाही, स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, मग ब्लॉक करून त्या ॲपकडे तक्रार, आणि त्याच रात्री तुला किंवा मला फोन. किती वाजले ते न बघता. 18 वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' ही फुकट सेवा आहे. फोटो फोनबाहेर जात नाही, त्याचा फक्त एक सांकेतिक ठसा जातो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो ओळखून काढून टाकतात. 'असं झालं तर रागावणार नाही' हे वाक्य त्याला स्पष्ट शब्दांत सांग. अशा वेळी मुलं गप्प बसतात ती आईबाप रागावतील, फोन जाईल या भीतीनेच. म्हणून ती कपाटाची किल्ली मला इतकी खुपते.

धाकटीचं वेगळं आहे, तिच्या डोळ्यांचं बघायला हवं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटं जास्त बाहेर सोडलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या 30.4 टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसायला लागलं होतं, बाकीच्या शाळांत 39.5 टक्के. घरातल्या दिव्याचा उजेड काही शे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), बाहेर सावलीतही काही हजार. तेव्हा फोनवरून भांडण्यापेक्षा तिला दिवसाउजेडी रोज दोन तास बाहेर हाकल, असं ताईला सांग. हेडफोनचं तर एका ओळीत: हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात मारलेली हाक ऐकू आली पाहिजे.

ताई कायद्याचं काढेल. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांची सोशल मीडियाची खाती बंद केली, आणि दंड मुलाला नाही, आईबापालाही नाही, कंपनीला. हे मला आवडलं. पण थोरला सोळाचा होईपर्यंतची दोन वर्षं घरातच काढायची आहेत.

तुझी बदली झाली का? वहिनींच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं कळव. धाकट्याला नोकरी लागल्याचं ऐकलं, अभिनंदन, सविस्तर पुढच्या पत्रात.

तुझाच

ता. क. घड्याळ पाठवतोय खरा, पण त्याची टिकटिक मोठी आहे. थोरला तक्रार करेल. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायला सांग, म्हणजे बंद करायला उठावंही लागेल. रविवारी रात्री कितीही वाजोत, फोन कर.