ताडपत्रीवाल्या काकांना, पावसात सायकल चालवणाऱ्यांकडून

काका, सप्रेम नमस्कार.

जून जवळ आला की कोकणात सायकलवर जाणारे सगळे एकच प्रश्न विचारत फिरतात: वॉटरप्रूफ बॅग कोणती घेऊ? कंपनीचं नाव सांगून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही आम्हाला आधी पाणी कुठून शिरतं ते दाखवलंत. ट्रकच्या ताडपत्र्या शिवता शिवता सायकलवाल्यांच्या फाटलेल्या बॅगाही तुम्ही दुरुस्त करता, त्यामुळे बॅग कुठे हार मानते हे दुकानदारापेक्षा तुम्हाला जास्त माहीत. कापडाच्या मधोमध गळणारी बॅग क्वचितच येते. येतात त्या शिवणीत, तोंडाशी, खालच्या कोपऱ्यात आणि बॅग कॅरियरला अडकवणाऱ्या हूकच्या स्क्रूपाशी गळणाऱ्या. बॅग निवडताना या चार जागा तपासायच्या, हे तुम्ही शिकवलंत. त्याबद्दल हे जाहीर आभार, आणि तुमच्या दुकानापर्यंत पोहोचू न शकणाऱ्यांसाठी तुमच्याकडून मिळालेलं सगळं इथे लिहून ठेवतो आहोत.

सुरुवात कापडापासून, कारण सगळे तिथेच अडकतात. सायकलच्या बॅगेचं आणि तुमच्या धंद्याचं नातं जुनं आहे. जर्मनीतल्या हार्टमुट ऑर्टलीब यांना इंग्लंडमधल्या भर पावसातल्या सायकल सफरीत ट्रकवरची ताडपत्री पाहून कल्पना सुचली, त्यांनी त्याच कापडाच्या बॅगा शिवल्या आणि १९८२ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. आजही लांबच्या प्रवासाच्या बहुतेक मजबूत बॅगा म्हणजे पॉलिस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा थर. जड असतात, थंडीत कडक होतात, पण घासणं सोसतात आणि जोड उष्णतेने वितळवून एकजीव करता येतो. दुसरा प्रकार टीपीयूचा, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकचा: थोडा हलका, तोही वितळवून जोडता येतो. तिसरा नायलॉनचा, आतून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर दिलेला आणि बहुतेक वेळा शिवलेला. हा हातात घेतला की सगळ्यांत आवडतो, कारण मऊ आणि हलका असतो. पण दमट उष्ण हवेत पीयूचा थर हळूहळू विघटित होतो: आधी चिकट होतो, मग वास येतो, मग पापुद्रे सुटतात. वर्षभर कपाटात घडी करून ठेवलेली बॅगही अशी बाद होते. मुंबई, रत्नागिरी, गोव्याच्या हवेत राहणाऱ्यांनी जुनी किंवा वापरलेली बॅग घेताना आतून बोट फिरवून पाहावं. बोट चिकटलं तर ती बॅग घेऊ नये, कितीही स्वस्त मिळत असली तरी.

निळ्या-पिवळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीबद्दलही तुम्ही वेळीच सावध केलंत. ती पीव्हीसी नसते, एचडीपीई या पॉलिथिनच्या पट्ट्यांची वीण असते. उन्हात तडकते, घडीवर चिरते आणि तिला कुठलाही गोंद धड धरत नाही. घरी बॅग शिवायची हौस असेल तर ट्रकवर टाकतात ती पीव्हीसीचा थर असलेली ताडपत्रीच घ्यावी.

आता शिवण. सुई जिथे जिथे गेली तिथे तिथे भोक पडलं, मग कापड कितीही भारी असो. म्हणून दुकानात बॅग आतून उलटी करून बघायची. वितळवून केलेल्या जोडावर दोरा दिसत नाही, एकावर एक आलेल्या कापडाची सपाट पट्टी दिसते. शिवलेल्या बॅगेत प्रत्येक शिवणीवर आतून सीम टेप, म्हणजे सुईची भोकं झाकणारी पट्टी हवी, आणि ती कोपऱ्यात वळते तिथे उचललेली नसावी. टेप पहिल्यांदा कोपऱ्यातूनच सुटते. बाहेरचा खिसा, परावर्तक पट्टी, खांद्याच्या पट्ट्याची कडी या गोष्टी नंतर शिवून लावल्या आहेत का, तेही पाहावं. मुख्य जोड उत्तम वितळवलेला असतो आणि वरच्या हौसेच्या खिशापायी बॅग गळते, असं फार वेळा होतं.

तोंडाला गुंडाळीच हवी, यावर आमचं एकमत आहे. पण गुंडाळी करण्याची रीत असते. आधी बॅगेवर गुडघा किंवा कोपर दाबून हवा काढायची, तोंडाच्या दोन्ही कडा सरळ जुळवायच्या आणि किमान तीन वळसे घट्ट द्यायचे, मग बकल. एक-दोन वळशांत पाणी केशाकर्षणाने आत ओढलं जातं. तीन वळसे बसत नसतील तर बॅग जास्त भरली आहे: वर वीतभर जागा मोकळी राहील इतकंच भरायचं. म्हणजे २० लिटरच्या बॅगेत काठोकाठ २० लिटर सामान धरून हिशेब करू नये. घरगुती मुक्काम आणि खानावळी मिळणाऱ्या किनाऱ्याच्या वाटेवर २० लिटरची मागची जोडी एका माणसाला पुरते. तंबू आणि स्वयंपाकाचं सामान असेल तरच पुढच्या चाकाला १२ ते १५ लिटरची जोडी लावावी.

बॅगेच्या चेनबद्दल (झिपबद्दल) एवढंच: वॉटर रेझिस्टंट चेन म्हणजे वॉटरप्रूफ चेन नव्हे. फ्रेमच्या त्रिकोणात बसणाऱ्या बॅगांना बहुधा अशीच चेन असते. तिच्यात लाल चिखल गेला की दाते नीट बसत नाहीत आणि आतल्या वस्तूंचा ताण पडला की ती मधूनच उघडते. त्या बॅगेत पंप, ट्यूब, हत्यारं ठेवावीत. फोनची बॅटरी आणि कागदपत्रं नकोत.

साध्या बॅगेवर रेनकव्हर चढवून काम भागेल का, हा प्रश्न तुम्हाला दर हंगामात विचारला जात असणार. रेनकव्हर वरून आणि बाहेरून झाकतं. सायकलवर पाणी येतं ते चाकावरून उडून, खालून आणि आतल्या बाजूने, जिथे कव्हरला तोंड असतं. आत गेलेलं पाणी कव्हरच्या तळाशी साठतं आणि बॅग त्यात बसून राहते. नवी बॅग परवडत नसेल तर कव्हरचे पैसे वाचवून जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी बॅगेच्या आत घालावी. तोंडाला पीळ द्यायचा, पीळ उलटा दुमडायचा आणि जुन्या ट्यूबच्या कापलेल्या रिंगने बांधायचा. बाहेरची बॅग भिजू द्यावी, सामान कोरडं राहतं. एक पिशवी जास्तीची सोबत असावी, कारण प्लॅस्टिक टोकदार वस्तूने फाटतं. सोबत दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचं मडगार्ड आणि पुढच्याला खाली रबरी फडका लावला की अर्धी लढाई तिथेच संपते.

बॅगेवर आयपी क्रमांक छापलेला असेल तर तो वाचायला शिकावं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६४ म्हणजे कुठूनही उडणारं पाणी चालेल, बुडवणं नाही. आयपी ६७ म्हणजे १ मीटरपर्यंत ३० मिनिटं बुडाली तरी चालेल. गुंडाळीच्या चांगल्या बॅगा ६४ च्या असतात आणि रस्त्यावरच्या पावसाला तेवढं पुरतं. ओढा भरून वाहत असेल तर बॅगेच्या भरवशावर सायकल त्यात घालायची नसतेच.

यानंतरची गोष्ट तुमच्याकडे येईपर्यंत आम्ही दुय्यम समजत होतो, ती म्हणजे कॅरियर. बॅग चांगली असूनही हूक हलत राहिला की स्क्रूचं भोक मोठं होतं आणि पाणी तिथून शिरतं. म्हणून आधी कॅरियरच्या नळीचा व्यास मोजायचा. साधारण ८, १० किंवा १२ मिलिमीटर असतो, काहींचा १६. हूकमध्ये त्या मापाची प्लॅस्टिकची खाच बसवायची, म्हणजे खडखडाट थांबतो. जुन्या काळ्या सायकलच्या चापाच्या कॅरियरला बरेच हूक धड बसत नाहीत, तिथे कॅरियरच बदलावा. त्यावर किती किलोची मर्यादा छापली आहे ते बघावं. चांगल्या ॲल्युमिनियमच्या कॅरियरवर ती बहुधा २५ किलो असते. सीटच्या दांड्याला लावायचा कॅरियर या बॅगांसाठी नव्हेच, तो वळणावर डोलतो. डिस्क ब्रेक असेल तर कॅरियरचा पाय कॅलिपरला (ब्रेकच्या पकडीला) अडतो का ते पाहून स्पेसर (मधे अंतर ठेवणारा तुकडा) किंवा डिस्कसाठीच केलेला कॅरियर घ्यावा.

कॅरियरचे बोल्ट बहुधा ५ मिलिमीटरचे. समुद्राच्या हवेत साधे बोल्ट लवकर गंजतात, म्हणून स्टेनलेसचे घ्यावेत. बोल्ट सैल होऊ न देणारं मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर लावून आवळावेत आणि तसेच दोन बोल्ट जास्तीचे सोबत ठेवावेत. बॅगेचा खालचा हूक कॅरियरच्या पायाला नीट टेकला पाहिजे. तो सैल राहिला की खड्ड्यात बॅग बाहेर झुलते आणि वरचे हूक उडतात. हूक नळीला टेकतो तिथे जुनी ट्यूब गुंडाळली तर नळी झिजत नाही. रबरी दोऱ्या मात्र लोंबत्या ठेवू नयेत. सुटलेलं टोक चाकात गेलं तर माणूस जोरात पडतो.

विकत घेण्याआधी बॅग स्वतःच्याच सायकलवर चढवून पेडल उलटं फिरवून पाहावं. टाच आणि बॅग यांत दोन बोटं अंतर हवं. ज्या सायकलींचं पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर ४३० मिलिमीटर किंवा कमी असतं, त्यांवर मोठ्या पावलाच्या माणसाची टाच बॅगेला लागते. हूक मागे सरकवून बॅग थोडी मागे नेता येते. तरीही टाच लागत असेल तर लहान बॅग घ्यावी. सामान भरताना जड वस्तू तळाशी, चाकाच्या बाजूला ठेवाव्यात. डावी-उजवी बॅग लगेजच्या काट्यावर तोलून फरक अर्ध्या किलोच्या आत ठेवावा.

तुमची तपासणीची पद्धत आम्ही आता प्रत्येकाला सांगतो. बॅगेत हवा भरून तीन वळसे देऊन बंद करायची, पंक्चर शोधताना ट्यूब धरतात तशी टबात थोडी थोडी दाबून बुडवायची आणि बुडबुडे बघायचे. जोडातून किंवा स्क्रूपाशी बुडबुडा आला तर तिथे पेनाने खूण करायची. गुंडाळीतून एखादा आला तर घाबरायचं कारण नाही, तिला पाण्यात बुडायचं नाहीच आहे. सगळे स्क्रू आतून एकदा पेचकसाने तपासावेत आणि वॉशर चपटलेलं असेल तर बदलावं.

दुरुस्तीबाबत तुम्ही दिलेली ताकीद सर्वांत मोलाची. पंक्चरचं सोल्यूशन पीव्हीसीवर टिकत नाही. लावल्यावर धरल्यासारखं वाटतं आणि पहिल्याच उन्हात सुटतं. पीव्हीसीला त्याच ताडपत्रीचं ठिगळ आणि हवेच्या बोटींना वापरतात तो पीव्हीसीचा गोंद हवा. ठिगळ भोकापेक्षा चारी बाजूंनी किमान २ सेंटीमीटर मोठं आणि कोपरे गोल कापलेलं असावं. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, हलकी घासायची, दोन्ही बाजूंना गोंदाचा पातळ थर द्यायचा, पाच-दहा मिनिटांनी दाबून जड वस्तू ठेवायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. थिनरने पुसू नये, पीव्हीसी मऊ पडून सुरकुतते. वाटेत तात्पुरतं काम भागवायचं असेल तर चिकट ठिगळ चालतं, पण व्हिनाइलसाठीचं (म्हणजे पीव्हीसीसाठीचं) वेगळं आणि बाकी कापडासाठीचं वेगळं येतं. पाकिटावर पाहूनच घ्यावं.

बॅग नवी असतानाच तिच्या खालच्या कोपऱ्यांना ठिगळ लावून देण्याची तुमची युक्ती आम्हाला फार पटली. कोकणात जांभ्याच्या पायरीवर, अंगणात बॅग टेकवली की तेच कोपरे घासतात, आणि झिजलेल्या कापडापेक्षा कोऱ्या कापडाला ठिगळ जास्त चांगलं धरतं.

एक गोष्ट नवे लोक हमखास विसरतात: जी बॅग पाणी आत येऊ देत नाही ती बाहेरही जाऊ देत नाही. ओला शर्ट कोरड्या कपड्यांसोबत ठेवला की संध्याकाळपर्यंत सगळंच दमट होतं. ओल्या कपड्यांना बाहेर जाळीची पिशवी हवी. रोज मुक्कामावर बॅग रिकामी करून तोंड उघडं टाकावं. आगरदांडा-दिघी किंवा दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर खारं पाणी उडतं, त्या दिवशी हूकच्या स्प्रिंग आणि बोल्ट गोड्या पाण्याने धुवावेत. घरी आल्यावर साध्या साबणाने धुऊन, उलटी टांगून, सावलीत पूर्ण वाळवावी आणि घडी न करता सैल गुंडाळून ठेवावी. रंग शक्यतो पिवळा किंवा नारिंगी घ्यावा. ताम्हिणी, आंबोलीच्या धुक्यात मागून येणाऱ्या गाडीला काळी बॅग दिसत नाही.

काका, तुमचा धंदा ताडपत्रीचा. एका बॅगेच्या ठिगळातून तुम्हाला फारसं सुटत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना तुम्ही गुंडाळी करून दाखवलीत, कापून उरलेले पीव्हीसीचे तुकडे ठिगळांसाठी दिलेत आणि नवी बॅग घ्यायची गरज नसेल तेव्हा तसं स्पष्ट सांगितलंत. त्या तुकड्यांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. यंदा पाऊस सुरू होण्याआधी आम्ही सगळे बॅगा तपासून घ्यायला येऊ, तेव्हा कोपऱ्यांच्या ठिगळांचं काम रीतसर मजुरी लावूनच करायचं, ही विनंती.

आपले,
पावसातही सायकल बाहेर काढणारे आम्ही सगळे