फोटोबाहेर राहिलेला हात

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरे तर तुमच्या घरी येऊन, तुमच्यासमोर बसून वाचून दाखवायला हवे होते, आणि ते मी करणारच आहे. पण जी चूक मी चारचौघांत केली तिची दुरुस्तीही चारचौघांतच व्हायला हवी, म्हणून ते आधी इथे लिहिते आहे. तुमचे नाव लिहायचे नाही असे तुम्ही बजावले आहे आणि ते मी पाळते. आमच्या नाटकाचा कपडेपट सांभाळलेल्या तुम्हाला नाटकाच्या बसमध्ये, रंगपटात आणि विंगेत सगळे मावशीच म्हणतात, तेव्हा ज्यांना कळायचे त्यांना कळेलच.

4 वर्षांपूर्वी मी इन्स्टाग्रामवर एक फोटो टाकला होता. आरशाभोवतीचे दिवे लागलेले, मी पहिल्या अंकाच्या साडीत तयार होऊन बसलेली, आणि माझ्या मागे, कपडे टांगायच्या लोखंडी नळीला बांधलेल्या झोळीत माझी 5 महिन्यांची लेक झोपलेली. मूळ फोटोत उजव्या कडेला तुमचा हात होता. झोळीची दोरी धरलेला, काचेच्या बांगड्यांचा, आणि त्यातल्या एका बांगडीत ओळीने अडकवलेल्या तीन सेफ्टी पिना असलेला. मला फोटो चौकोनी हवा होता आणि हात अर्धवट येत होता, म्हणून मी तो कापून टाकला. त्या वेळी मला त्यात काहीही वावगे वाटले नाही, हे सांगताना आज सर्वांत जास्त वाईट वाटते.

त्या फोटोखाली लोकांनी भरभरून लिहिले. 'एकटीने किती सांभाळतेस' हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत इतक्या जणांनी लिहिले होते की दोन दिवसांनी मलाही ते खरे वाटू लागले. मी प्रत्येकाला हात जोडलेले चिन्ह पाठवून धन्यवाद दिले. 'एकटीने नाही' असे मी एकालाही लिहिले नाही. हे पत्र त्या न लिहिलेल्या उत्तराचे आहे.

बाळंतपणानंतर मी नाटकात परत कशी आले ते बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगावे लागेल. 2017 साली आपल्या देशात प्रसूतीची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांची झाली, तेव्हा माझ्या बँकेतल्या मैत्रिणीने पेढे वाटले होते. आमच्याकडे रजा नसते, कारण आमच्याकडे पगारच नसतो. असते ती नाइट. प्रयोग झाला तर पाकीट हातात येते, झाला नाही तर येत नाही, आणि प्रयोग मी केला नाही तर तो दुसरी कुणीतरी करते. माझ्या जागी उभी राहिलेली अभिनेत्री गुणी होती, माझ्याशी प्रेमाने वागली आणि तिने भूमिका चांगली केली, म्हणूनच मला धास्ती वाटत होती. बाळंतपणाच्या त्या महिन्यांत 'कधी परत येतेस' असे मला अनेकांनी विचारले, काहींनी 'आता काय घाई आहे' असेही म्हटले, आणि दोन्ही ऐकून मी सारखीच रडत असे. तुम्ही यांतले काहीच विचारले नाही. लेक साडेतीन महिन्यांची असताना तुमचा फोन आला, "ताई, ब्लाउज घेऊन येते. मापं बदलली असतील."

तुम्ही आलात, टेप काढलीत, आणि माप घेता घेता माझ्याकडे न पाहता विचारलेत की बाळ अंगावर पिते का. पुढच्या आठवड्यात जे ब्लाउज आले ते बाहेरून पूर्वीसारखेच दिसत होते, पण पाठीवरचे हूक पुढे आले होते, त्यांच्यावरून पदर नीट बसेल अशी पट्टी होती, आणि आतून जुन्या सुती पातळाचे दुपदरी अस्तर लावलेले होते. ते अस्तर ब्लाउजला कायमचे शिवलेले नव्हते, तर काढून धुता यावे म्हणून चार ठिकाणी टिचबटणांनी बसवलेले होते. वेशभूषाकारांना तुम्ही हे आधी दाखवून त्यांची परवानगीही घेतली होती. मध्यंतर दहा मिनिटांचे, त्यात साडी न सोडता बाळाला पाजता आले पाहिजे आणि दुसऱ्या अंकाच्या घंटेला मी पुन्हा जशीच्या तशी उभी राहिले पाहिजे, एवढा सगळा हिशेब तुम्ही त्या एका ब्लाउजमध्ये शिवला होता. नाटकात परतायचे हे मी ठरवले त्याच्या आठवडाभर आधी तुम्ही ते शिवून ठेवले होते.

परतल्यानंतरचा तिसरा प्रयोग मला कधी विसरता येणार नाही. दुसऱ्या अंकातला तो प्रवेश, ज्यात माझ्या पात्राने डोळ्यांत टिपूस न आणता नवऱ्याला घर सोडायला सांगायचे असते. प्रेक्षागृह अगदी शांत होते, आणि त्या शांततेत मागच्या दोन दारांपलीकडून लेकीचे रडणे बारीक ऐकू आले. प्रेक्षकांना ते ऐकू गेले नसावे, पण मला गेले. डॉक्टर त्याला ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे काम म्हणतात. आपण म्हणतो पान्हा फुटला. तोंडात कठोर शब्द आणि छातीत दूध, अशी मी उभी होते, आणि वाक्य कुठे संपते हेही मला क्षणभर कळेनासे झाले. अस्तराने ओल बाहेर येऊ दिली नाही. काळोख झाला आणि मी विंगेत आले तेव्हा तुम्ही कोरडा ब्लाउज उलगडून धरून उभ्या होतात. अंधारात तुम्ही हूक लावलेत, निऱ्या सारख्या केल्यात, बांगडीतली पिन काढून पदराला टोचलीत आणि कानात एवढेच बोललात, "झोपली. तुम्ही जा." प्रकाश आला तेव्हा मी माझ्या जागेवर होते. त्या रात्री पडदा पडल्यावर दिग्दर्शकांनी त्या प्रवेशाचे कौतुक केले, आणि ते मी एकटीनेच घेतले.

काढून ठेवलेल्या दुधाची गोष्टही मला इथे लिहायची आहे, कारण ती माझ्यापेक्षा तुम्ही जास्त काटेकोरपणे पाळलीत. साधारण 25 अंश तापमानात असे दूध चार तासांपर्यंत चालते असे मला सांगण्यात आले होते. दिव्यांनी तापलेल्या रंगपटात तेवढा भरवसा ठेवायचा नाही, हे तुम्ही स्वतःच ठरवलेत आणि बर्फाच्या पेटीची व्यवस्था केलीत. प्रत्येक स्टीलच्या डबीवर तुम्ही शिंप्याच्या खडूने वेळ लिहीत होतात. दुपारचा प्रयोग विलेपार्ल्याच्या दीनानाथमध्ये आणि रात्रीचा दादरच्या शिवाजी मंदिरात असे, तेव्हा एका मांडीवर ती पेटी आणि दुसऱ्या मांडीवर लेक घेऊन तुम्ही बसमध्ये बसलेल्या असायच्या. वाटी-चमचा न घेणाऱ्या माझ्या मुलीला तुम्ही बोंडल्याने प्यायला शिकवलेत. झोळी बांधण्याआधी त्या लोखंडी नळीला तुम्ही इस्त्री, जड शालू आणि दागिन्यांची पेटी असे सगळे एका चादरीत बांधून लोंबकळवले होते आणि एक अख्खा अंक तसेच राहू दिले होते, हे मला मेकअपदादांकडून फार नंतर कळले.

पहिल्या महिन्यानंतर मी संकोचाने पैशांचा विषय काढला. तुम्ही नको म्हणाल आणि मग मी आग्रह करीन, असा एक ठरीव प्रवेश मी मनात बसवला होता. तुम्ही मात्र सरळ म्हणालात, "घेईन. उपकार म्हणून सांभाळलं तर तुम्हाला एक दिवस मला ओरडता येणार नाही, आणि मला एक दिवस यायचं नसलं तर सांगता येणार नाही." मग तुम्ही रक्कम सांगितली आणि मी ती प्रत्येक प्रयोगाला दिली. कपडेपटाची तुमची नाइट वेगळी आणि ही वेगळी. मावशी, आईपणावर मी नंतर बरेच काही वाचले, पण इतके स्वच्छ बोलणे मला कुठे सापडले नाही. पैसे दिले म्हणजे आभार फिटले असे मात्र त्यातून होत नाही. पाकिटात अस्तराचे, खडूचे आणि अंधारातल्या त्या एका वाक्याचे पैसे नव्हते. प्रयोग नसतील त्या दिवशी लेकीला तिचे बाबा सांभाळायचे, सासूबाईही होत्या, त्यांचे ऋण मी घरात मानते. पण घर आणि रंगमंच यांच्यामधल्या जागेत आम्हा दोघींना धरून ठेवले ते तुम्ही.

सांगलीच्या दौऱ्यात झालेले बोलणे तुम्हाला आठवते का, मला माहीत नाही. 1843 साली ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, तिथे जाताना बसमध्ये जुन्या गोष्टी निघणे साहजिकच होते. कुणीतरी 1911 सालची ती प्रसिद्ध हकीकत सांगितली, की 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची मुलगी वारली आणि तरीही ते रंगमंचावर उभे राहिले. बोलणाऱ्याची नजर माझ्याकडे होती आणि कलावंताने कसे असावे याचा तो धडा होता. मी मान खाली घातली. बालगंधर्वांविषयी मला जी भक्ती आहे तीच तुम्हालाही आहे, पण तुम्ही लेकीच्या पाठीवर थोपटत हलक्या आवाजात विचारलेत, "आणि त्या दिवशी त्या घरात कोण कोण होतं? ते कुणी लिहिलंय का?" बसमध्ये कुणीच बोलले नाही. मी मात्र तेव्हापासून नाटकाच्या कुठल्याही थोर गोष्टीत विंगेपलीकडे कोण उभे होते, हे शोधायला लागले, आणि शोधता शोधता माझ्याच कापलेल्या फोटोपाशी येऊन थांबले.

आता माझ्या मोबाइल फोनविषयी. हल्ली नाटक करायचे तर प्रयोगाची तारीख, तिकीटविक्री, तालमीतला एखादा क्षण, हे सगळे कलाकाराने आपल्या खात्यावरून सांगावे अशी अपेक्षा असते, आणि ती अवाजवी आहे असे मी म्हणणार नाही. त्यामुळे आलेले प्रेक्षक मला प्रत्यक्ष भेटलेले आहेत. पण माझ्या लेकीच्या चेहऱ्याला जितकी दाद मिळे तितकी नाटकाच्या तारखेला मिळत नसे, आणि मी ते ओळखून वागू लागले होते. तुम्ही ते पाहत होतात. प्रयोगानंतर भेटायला आलेल्यांपैकी कुणी झोळीकडे फोन वळवला की तुम्ही मध्ये उभ्या राहून साडीची घडी घालू लागायच्या. आणि एका रविवारी, त्याच फोटोखाली 'मूल असे लटकवून ठेवायचे होते तर जन्माला कशाला घातले' असे कुणीतरी लिहिलेले मी मध्यंतरात वाचले. लेक मांडीवर पीत होती, मी एका हाताने वाचत होते आणि माझे हात थरथरत होते. तुम्ही काय लिहिले आहे ते विचारले नाही. फोन घेतलात, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलात आणि नथ ठेवायच्या पेटीत ठेवून पेटीला कडी घातलीत. "हा आता दागिन्यांबरोबर. पडदा पडला की मिळेल."

त्या दिवसापासून दुसऱ्या घंटेला माझा फोन त्या पेटीत जातो. तुम्ही ते नाटक सोडल्यावरही मी ती पद्धत सोडलेली नाही. पुढे मला कळले की त्या इन्स्टाग्रामवर स्वतःचे खाते उघडायलाच वयाची 13 वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि जिला अजून बोलताही येत नव्हते तिचा चेहरा मी तिथे हजारो अनोळखी लोकांसमोर ठेवला होता. मी तिचे सगळे फोटो काढून टाकले. हे मला तुम्ही कधी सांगितले नाही, पण साडीची घडी घालत मध्ये उभे राहणे हे सांगणेच होते, ते मला उशिरा समजले.

आज या पत्राबरोबर मी तो जुना फोटो पुन्हा देते आहे. या वेळी लेकीचा चेहरा कापला आहे आणि तुमचा हात पूर्ण ठेवला आहे. तुम्ही परवा फोनवर "हात दाखवा, तोंड नको" म्हणालात तेवढेच केले आहे. त्या रात्रीच्या प्रवेशाचे जे कौतुक मी एकटीने घेतले होते ते तुमच्या नावे करते. माझ्या परत येण्याबद्दल, माझ्या लेकीच्या शांत झोपेबद्दल आणि मला न विचारलेल्या सगळ्या प्रश्नांबद्दल मी तुमची मनापासून आभारी आहे.

एक काम अजून आहे. आमच्या नव्या नाटकातली एक मुलगी दिवाळीनंतर परत उभी राहणार आहे, तिचे बाळ तेव्हा 4 महिन्यांचे असेल. तिच्या ब्लाउजला अस्तर लावायला मी बसले होते. सुती पातळ माझ्या आईचे आहे, मऊ आहे, पण दुपदरी कड माझ्याकडून सारखी चुण्या पडून वर येते. रविवारी प्रयोग नाही. सकाळी दहा वाजता ब्लाउज आणि लेक, दोघांनाही घेऊन येते.

तुमची,
ताई