आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: अफवा तेलुगूत, खुलासा पीडीएफमध्ये

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

स. न. वि. वि.

सोलापूरच्या पूर्व भागात माझं औषधांचं दुकान आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसचे (गिलाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) रुग्ण वाढले आणि महिनाअखेरीस एका संशयित रुग्णाचा सोलापुरात मृत्यू झाला. त्यानंतर आमच्या भागात तेलुगूतली एक ऑडिओ क्लिप फिरू लागली. चिकन खाल्लं की पाय लुळे पडतात, घरात एकाला झालं की सगळ्यांना होतं, असं तिच्यात होतं. बोलणाऱ्याने स्वतःला डॉक्टर म्हणवलं होतं. नाव मात्र सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे विडी वळणाऱ्या बाया सूप मांडीवर घेऊन बसतात आणि मोबाईल शेजारी चालू असतो. हात गुंतलेले, कान मोकळे. शिवाय कित्येकींना मराठी वाचता येत नाही. त्यांना ती क्लिप दुपारपर्यंत पाठ झाली. काउंटरवर एकच प्रश्न, "अण्णा, कोंबडी बंद करायची का?" सरकारी खुलासा माझ्यापर्यंत आला तो पीडीएफमध्ये, 'नागरिकांनी घाबरून न जाता दक्षता घ्यावी' अशा भाषेत. ही भाषा घरात कोण बोलतं?

बरं, क्लिप सगळीच खोटी नव्हती, आणि म्हणूनच ती चालली. जीबीएसआधी पुष्कळदा ज्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूचा संसर्ग झालेला असतो, तो कोंबडीच्या आतड्यात असतो. कच्च्या-अर्धकच्च्या मांसातून, दूषित पाण्यातून तो पोटात जातो. नीट शिजवलं की मरतो. पुढे काहींच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या नसांवर उलटते. त्यामुळे जीबीएस एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. गिऱ्हाइकं 'नवा रोग' म्हणत होती, पण वैद्यकात तो १९१६ पासून नोंदलेला आहे. एवढं दोन मिनिटांत सांगून होतं. ते तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत कुणी सांगितलंच नाही. लोकांनी चिकन सोडलं आणि पिंपातलं साठवलेलं पाणी तसंच पीत राहिले. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात बोलायचं होतं ते पिंपाबद्दल, क्लोरीनच्या थेंबांबद्दल.

२०२० मध्ये करोनाच्या सुरुवातीलाही चिकनवरून असंच झालं होतं. तेव्हाही खुलासे निघालेच.

जाता जाता जाहिरातींबद्दल. 'मधुमेह मुळापासून बरा' असं छापणं-दाखवणं १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे. छापणाराही त्यात येतो. अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे, तुमच्या खात्याकडे नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या जाहिराती बघून गोळ्या सोडलेला पेशंट शेवटी तुमच्याच दवाखान्यात येतो, तेव्हा मंत्रिमंडळात शेजारी बसणाऱ्यांना एकदा विचाराच.

माझी मागणी छोटी आहे. साथ आली की महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी, स्वतःचं नाव सांगून, चार भाषांत दोन मिनिटांचा ऑडिओ द्यावा. आज काय कळलं, काय अजून कळलेलं नाही, एवढंच. तो आशाताईंच्या ग्रुपवर जावा आणि सकाळी घंटागाडीच्या भोंग्यावर वाजावा. गाणी वाजवायला तो भोंगा आहेच. जुलाब, डेंग्यू, जीबीएस यांचे संदेश पावसाळ्याआधीच रेकॉर्ड करून ठेवता येतील. तेलुगू आणि कन्नड नीट बोलणाऱ्या नर्सबाई आमच्या गल्लीतच आहेत. निरोप आला की त्यांना घेऊन येतो.

आपला,
पूर्व भागातला एक औषधविक्रेता, सोलापूर