क्षयरुग्णाचा शिधा औषधाच्याच खिडकीवर मिळावा : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : क्षयरुग्ण आणि त्याच्या घरातील माणसांना पोषण आहार उपचाराचा भाग म्हणून देण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी आहारतज्ज्ञ आहे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या कडेला, दिघा ते तुर्भे या भागातील वस्त्यांमध्ये क्षयरोग झालेल्या कुटुंबांना आहाराविषयी मार्गदर्शन करण्याचे काम करते. क्षयरोगाची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात, तपासणीही होते आणि आशाताई घरापर्यंत पोहोचतात, हे मी रोज पाहते आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. पण ज्या अशक्त शरीरात ही औषधे जातात त्या शरीराला लागणारे अन्न अजूनही दात्यांच्या इच्छेवर आणि बँक खात्याच्या नशिबावर सोडलेले आहे. ते औषधाच्या बरोबरीने, त्याच खिडकीवर, रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना मिळावे, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

या मागणीला आपल्याच देशातील संशोधनाचा भक्कम आधार आहे. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडच्या चार जिल्ह्यांत केलेल्या ‘रेशन्स’ या अभ्यासाचे निष्कर्ष ऑगस्ट 2023 मध्ये ‘लॅन्सेट’ आणि ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. या अभ्यासात 2800 रुग्ण आणि त्यांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसे होती. प्रत्येक रुग्णाला उपचाराच्या काळात दरमहा सुमारे 10 किलोचा शिधा, म्हणजे तांदूळ, डाळ, दूध पावडर आणि तेल, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. त्यातून दिवसाला 1200 किलोकॅलरी आणि 52 ग्रॅम प्रथिने मिळत होती. उपचार सुरू होताना पाचांतील चारांहून अधिक रुग्ण कमी वजनाचे होते आणि जवळपास निम्म्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन मोजणारा आकडा, 16 च्याही खाली होता. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन 5 टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी आढळला. चाळीस किलोच्या माणसाच्या बाबतीत हे 5 टक्के म्हणजे अवघे 2 किलो होतात.

त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष घरातल्या माणसांविषयीचा आहे आणि आपल्या धोरणात नेमकी त्याचीच दखल सर्वांत कमी घेतली गेली आहे, असे मला वाटते. अभ्यासात कुटुंबांचे दोन गट होते. शिधा दोन्ही गटांतील रुग्णांना मिळाला. फरक इतकाच की एका गटात घरातील इतर प्रत्येक माणसालाही दरमहा 5 किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या दिल्या गेल्या. घरच्यांनाही शिधा मिळालेल्या या गटातील माणसांना नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले, आणि फुफ्फुसाच्या, म्हणजे दुसऱ्याला लागण करू शकणाऱ्या क्षयरोगाचे प्रमाण 48 टक्क्यांनी. दीड किलो तूरडाळ म्हणजे माणशी दिवसाला 50 ग्रॅम. इतक्या साध्या गोष्टीने घरातला पुढचा रुग्ण टळत असेल, तर तिला मदत न म्हणता प्रतिबंधक उपचार म्हटले पाहिजे.

हे निष्कर्ष वाचताना मला आमच्या डोंगरउतारावरची घरे दिसत होती. त्यांतले एक घर दगडखाणीत वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाचे आहे. खाणीतल्या बारीक धुळीने फुफ्फुसे खराब झालेल्यांना क्षयरोगाचा धोका अधिक असतो, हे आपण जाणताच. घरात तो, त्याची पत्नी, सासू आणि तीन मुले. एका दात्याकडून त्याला पोषण आहाराची पिशवी मिळाली होती. त्यात डाळ, शेंगदाणे, तेल, गूळ असे सगळे होते आणि सामान चांगल्या प्रतीचे होते. महिनाभर पुरावी म्हणून दिलेली ती पिशवी दहा-बारा दिवसांत संपली, कारण चूल एकच होती आणि ताटे सहा. नवऱ्यासाठी वेगळी वाटीभर घट्ट डाळ काढून ठेवायची आणि मुलांना तिचेच पाणी वाढायचे, हे कोणत्या आईला जमेल? रुग्णाने स्वतःच खावे असे समुपदेशन आम्ही करतो, पण ते त्या घरात बोलताना जड जाते. सगळ्यांना पुरेल इतका शिधा दिला, तर रुग्णाच्या वाट्याचे रुग्णाच्या पोटात जाईल आणि मुलांचेही रक्षण होईल.

आणखी एक गोष्ट कागदावर सहसा येत नाही. औषधे सुरू होऊन काही आठवडे झाले की ताप उतरतो, खोकला कमी होतो आणि मेलेली भूक परत येते. डॉक्टरांच्या दृष्टीने हे सुधारणेचे लक्षण असते. पण ज्या घरात कमावता माणूसच आजारी पडल्याने रोजंदारी बुडालेली आहे, तिथे ही भूकच संकट ठरते. “गोळ्या घेतल्या की पोटात आग पडते, आणि डब्यात काही नसतं,” हे मी एकाहून अधिक तोंडांतून ऐकले आहे. गोळ्या मध्येच सोडणाऱ्यांची कारणे शोधताना आपण निष्काळजीपणा, दारू, गावी निघून जाणे अशी नोंद करतो. रिकाम्या पोटी होणारी मळमळ आणि न भागणारी भूक यांनाही त्या नोंदीत जागा हवी.

सरकारने यात काहीच केलेले नाही, असे मी म्हणणार नाही. 2018 पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला दरमहा 500 रुपये मिळत होते आणि नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. सप्टेंबर 2022 पासून निक्षय मित्र, म्हणजे दात्यांनी रुग्ण दत्तक घेऊन पोषण आहार देण्याची व्यवस्था आहे आणि 2024 मध्ये रुग्णाच्या घरातील माणसांचाही तिच्यात समावेश करण्याचा निर्णय झाला. निर्णय योग्यच आहे, पण त्याचा सारा भार दात्यांवर आहे. एखाद्या कंपनीने या वर्षी दत्तक घेतलेले रुग्ण पुढच्या वर्षी घेतले नाहीत तर काय, याला आज उत्तर नाही. रिफाम्पिसिन ही क्षयरोगावरची गोळी आपण दात्याच्या भरवशावर ठेवत नाही. पैशांचेही तसेच. खाते गावच्या बँकेत, आधार जोडलेले नाही, मोबाईल क्रमांक बदललेला, अशा कारणांनी रक्कम अडते. आणि जमा झाली तरी आधी खोलीचे थकलेले भाडे जाते. पहिल्या दोन महिन्यांत वजन वाढणे निर्णायक असेल, तर तिसऱ्या महिन्यात पोहोचलेल्या पैशाने ते दोन महिने परत येत नाहीत.

रेशन आहेच की, असेही सुचवले जाते. शहरी भागात प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000 रुपये आहे, म्हणजे महिन्याला 5000 रुपयेसुद्धा नाहीत. नवी मुंबईत कंत्राटी हमाली करणाराही कागदोपत्री या मर्यादेच्या वर जातो. ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांना माणशी 5 किलो धान्य मिळते, पण ते गहू आणि तांदूळ. क्षयरुग्णाला ज्याची सर्वाधिक गरज असते ती प्रथिने त्यातून पुरेशी मिळत नाहीत. मुंबई महानगराला लागणारी तूरडाळ वाशीच्या बाजार समितीतील दाणा बाजारात उतरते आणि आमच्या वस्त्या तिथून रिक्षाच्या अंतरावर आहेत. खरेदीची आणि वाहतुकीची अडचण निदान आमच्या भागात तरी कोणी सांगू नये.

आता वजनाविषयी. एका केंद्रात उपचारपत्रिका चाळताना एका बाईच्या वजनाच्या रकान्यात सलग चार महिने 38 हाच आकडा, एकाच शाईत लिहिलेला दिसला. वजनकाटा कपाटाशेजारी होता आणि त्यावर फायलींचा गठ्ठा ठेवलेला होता. तिथल्या परिचारिकेला मी दोष देत नाही. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी आणि ऑनलाइन नोंदी हे सगळे तिच्याच डोक्यावर आहे आणि त्या आकड्यावरून पुढे काही ठरणार नाही, हेही तिला ठाऊक आहे. ज्या आकड्यावरून काहीच ठरत नाही तो आकडा कोणीही मन लावून लिहीत नाही.

तमिळनाडूने मात्र त्या आकड्यावरून निर्णय घ्यायला सुरुवात केली. 2022 पासून तिथे निदान होताच रुग्णाची साधी छाननी होते. बीएमआय 14 किंवा त्याहून कमी आहे का, तो 16 पर्यंत असला तरी पायांना सूज आहे का, श्वासाचा वेग आणि रक्तातील ऑक्सिजन किती आहे, रुग्ण आधाराशिवाय उभा राहू शकतो का, एवढे पाहिले जाते आणि धोक्यातील रुग्णाला दाखल करून घेतले जाते. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, ऑक्सिमीटर आणि एक छापील कागद पुरतो. क्षयरोगाचे बरेचसे मृत्यू उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांतच होतात, म्हणून ही छाननी पहिल्याच दिवशी व्हायला हवी. महाराष्ट्राला हे अवघड का असावे?

अन्नाचा विचार क्षयरोगाच्या उपचारातून मागे कसा पडला, याचाही एक इतिहास आहे. 1950 च्या दशकात मद्रासमध्ये झालेल्या प्रसिद्ध अभ्यासाने दाखवले की सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरुग्णांच्या निवासी रुग्णालयात, ठेवलेल्या आणि घरी राहून औषधे घेणाऱ्या रुग्णांचे निकाल जवळपास सारखेच असतात, घरी राहणाऱ्या रुग्णांचा आहार निकृष्ट असला तरीही. त्या निष्कर्षाने लाखो गरिबांना घरच्या घरी उपचार मिळण्याची वाट मोकळी झाली. परंतु सॅनेटोरियमची खाट अनावश्यक ठरली तेव्हा तिथले जेवणही अनावश्यक ठरले, असा सोयीचा अर्थ पुढे रूढ झाला. त्याच अभ्यासात सॅनेटोरियममधील रुग्णांचे वजन अधिक वाढले होते, ही बाब बाजूला पडली.

शिधा सरसकट एकाच साच्याचा असू नये, हे मात्र आवर्जून सांगायला हवे. आमच्याकडे क्षयरोगासोबत मधुमेह असलेले रुग्ण बरेच येतात, आणि त्यांच्या हाती साखर घातलेली प्रथिनांची पावडर ठेवणे चुकीचे आहे. त्यांच्यासाठी गूळ-साखर वगळून डाळी, शेंगदाणे आणि अंडी यांवर भर असलेला वेगळा शिधा लागेल आणि तो ठरवण्यासाठी प्रत्येक क्षयरोग पथकाला आठवड्यातून निदान एक दिवस आहारतज्ज्ञ उपलब्ध असावा लागेल. शिधा विकला जाईल अशी शंका घेतली जाते. दर महिन्याला काट्यावर दिसणारे वजनच तिचे निरसन करील.

माझी विनंती अशी की याची सुरुवात ठाणे जिल्ह्यातून करावी : नवी मुंबईचा औद्योगिक पट्टा, भिवंडीतील यंत्रमागाच्या वस्त्या आणि शहापूर-मुरबाडचे आदिवासी पाडे. राज्याच्या अर्थसंकल्पात त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावे, म्हणजे निक्षय मित्रांकडून येईल ते वरचे ठरेल. निदानाच्या दिवशी औषधाच्या पाकिटासोबत रुग्णाचा आणि घरातील प्रत्येकाचा पहिल्या महिन्याचा शिधा हाती पडावा, त्यासाठी रेशनकार्ड किंवा बँक पासबुक मागू नये आणि दोन महिन्यांनी ज्यांचे वजन वाढलेले नाही त्यांची यादी शहर व जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडे जावी. येत्या अर्थसंकल्पाच्या पुरवणी मागण्यांत ही तरतूद करणार का, याचे उत्तर आपण जाहीरपणे द्यावे. आमच्या वस्त्यांतील कोणत्याही केंद्रात आपण पूर्वसूचना न देता यावे आणि उपचारपत्रिकांमधील वजनाचे रकाने स्वतः पाहावेत, ही आग्रहाची विनंती.

आपली विश्वासू,
एक आहारतज्ज्ञ
ऐरोली, नवी मुंबई